नाव कोणाच्या वहीत?



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांची माहिती नव्याने गोळा करण्याचे काम आम्ही हाती घेतले. छापील अर्ज घेऊन घरोघरी फिरलो. बहुतेकांनी चहा पाजला आणि अर्ज भरून दिला. एका घरी मात्र आजींनी अर्ज हातात धरून विचारले, "फादर, हा कागद पुढे कुठे जाणार?" खरे सांगायचे तर आम्हांला थोडा रागच आला. धर्मगुरूवरही विश्वास नाही? रात्री मात्र वाटू लागले, की हा प्रश्न आजींच्या आधी आम्हीच स्वतःला विचारायला हवा होता. ज्यांच्यासाठी हाच प्रश्न जीवन-मरणाचा ठरला, अशा लोकांविषयी आज थोडे चिंतन करू.

युरोपात रोमा आणि सिंती नावाचे समाज आहेत. त्यांची संख्या साधारण एक कोटी किंवा त्याहून थोडी अधिक असावी, असा अंदाज आहे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, याची साक्ष त्यांची भाषाच देते. कानाला ते 'कान' म्हणतात, नाकाला 'नाख', पाण्याला 'पानी', आणि माणसाला 'मनुश'. सिंती लोक तर जर्मन प्रदेशात सहाशे वर्षांपासून राहत आहेत. तरीही शाळा, घर, नोकरी, पोलीस चौकी, सगळीकडे त्यांच्याकडे आधी संशयाने पाहिले जाते.

या समाजांसोबत काम करणारे मानवी हक्क अधिकारी असतात. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या वॉर्सा येथील मानवी हक्क कार्यालयात १९९४ पासून रोमा व सिंती यांच्यासाठी वेगळा विभाग आहे. तेथे अनेक वर्षे सल्लागार असलेले निकोलाय घेओर्गे हे स्वतः रोमा समाजातले समाजशास्त्रज्ञ होते. असा अधिकारी धान्य किंवा कपडे वाटत नाही. वस्ती पाडली जात असेल, पोलिसांनी मारहाण केली असेल, मुलांना वेगळ्या वर्गात बसवले जात असेल, तर तो जागेवर जातो, ऐकतो, लिहून घेतो आणि सरकारला जाब विचारतो. पण जाब विचारायला पुरावा लागतो आणि पुराव्यासाठी वही उघडावी लागते. तुमचे नाव काय? समाज कोणता? घरात माणसे किती? त्यावर समोरचा म्हातारा गप्प होतो. का गप्प होतो, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

नाझी राजवटीत रॉबर्ट रिटर या डॉक्टरच्या हाताखाली वंशसंशोधनाचे एक कार्यालय चालत असे. तेथील लोक वह्या घेऊन रोमा व सिंती कुटुंबांकडे जात, गोड बोलत, वंशावळी लिहून घेत. सुमारे २४,००० जणांच्या 'वंशा'चा निवाडा त्यांनी लिहिला. त्या कागदांच्या आधारे माणसे ऑश्विट्झला पाठवली गेली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तेथील छावणीत उरलेल्या सुमारे ४,३०० जणांना, मुलेबाळे-म्हातारे धरून, विषारी वायूने मारण्यात आले.

येथे आम्हांला एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. सिंती लोकांत पुष्कळजण कॅथोलिक होते. वंशावळी जुळवण्यासाठी चर्चमधील स्नानसंस्काराच्या नोंदवह्याही वापरण्यात आल्या. ज्या वहीत बाळाचे नाव देवाचे लेकरू म्हणून लिहिले होते, तीच वही त्याच्या मरणाला कारण झाली. जर्मनीतील मुल्फिंगेन गावी कॅथोलिक बालकाश्रमात सिंती मुले होती. रिटरच्या सहकारी एफा युस्टिन यांनी त्यांच्यावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. प्रबंधाचे काम होईपर्यंत मुलांना तेथे राहू दिले. मग ९ मे १९४४ रोजी ३९ मुलांना नेण्यात आले. जिवंत राहिली चार. २ जून २०१९ रोजी रुमानियातील ब्लाज येथे पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या वतीने रोमा लोकांची क्षमा मागितली, तेव्हा असे बरेच काही त्या क्षमेच्या पोटात होते.

युद्ध संपले, पण वह्या संपल्या नाहीत. ते कागद पुढेही पोलिसांच्या आणि संशोधकांच्या हाती राहिले. १९८० च्या ईस्टरला सिंती कार्यकर्त्यांनी डाखाऊच्या जुन्या छळछावणीत उपोषण केले. जुन्या नोंदी कुठे आहेत ते सांगा, ही त्यांची एक मागणी होती. १९८१ साली ट्यूबिंगेन विद्यापीठात जाऊन त्यांनी ठाण मांडले, तेव्हा तेथील कागद सरकारी अभिलेखागारात गेले. १९८२ साली पश्चिम जर्मनीने हा वंशसंहार होता हे मान्य केले. हे सगळे फार जुने झाले असे कोणी म्हणेल, तर २०१३ साली स्वीडनमध्ये उघडकीस आले, की दक्षिणेकडील पोलिसांनी चार हजारांहून अधिक रोमांची यादी ठेवली आहे. तिच्यात लहान मुलांचीही नावे होती.

मग नोंदच करू नये काय? एवढे सोपे उत्तर मिळत नाही. चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्रावा शहरात रोमा मुलांना मतिमंद मुलांच्या शाळेत घालत. प्रत्येक शाळा म्हणे, आम्ही तर चाचणी घेऊनच प्रवेश देतो. एकेका मुलाकडे पाहून काही सिद्ध होत नव्हते. हक्कांसाठी लढणाऱ्यांनी शाळाशाळांतून आकडे गोळा केले, तेव्हा दिसले की रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के मुले तशा शाळांत होती आणि इतरांपैकी फक्त १.८ टक्के. म्हणजे २७ पटींहून अधिक. १८ मुलांचा खटला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. २००६ साली ते हरले. नोव्हेंबर २००७ मध्ये मोठ्या खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मोजले नसते, तर तो अन्याय कायम अदृश्य राहिला असता. युगोस्लाव्हिया फुटल्यावर तर अनेक रोमांची जन्मनोंदच कुठे सापडेना. नोंद नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून दवाखाना नाही की शाळा नाही.

म्हणजे एक वही मारते आणि एक वही तारते. दोन्हींत शाई तीच, रकाने तेच. फरक कशात?

संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाची जी व्याख्या मानली, ती सोपी आहे: ज्याचे त्याला देणे. माणसाची सर्वांत पहिली मालमत्ता म्हणजे त्याचे नाव. ते त्याने सांगितले म्हणजे आम्हांला देऊन टाकले असे नव्हे. ती ठेव आहे, आणि ठेव ठेवणाऱ्याच्या कामी यावी लागते. म्हणून प्रत्येक वहीला तीन प्रश्न विचारावेत. ही कोणाच्या भल्यासाठी? किल्ली कोणाकडे? आणि माझे नाव काढा म्हटले तर निघेल काय?

येथे एक अडचण उरते. समजा, अधिकारी प्रामाणिक आहे, खटला खरा आहे, आणि तरी बाप म्हणतो, "माझ्या मुलाचे नाव लिहू नका." नाव नसेल तर खटला पडेल आणि मुलगा त्याच शाळेत राहील. तेव्हा बापाच्या भीतीला मान द्यायचा की मुलाच्या हक्काला? आमचे उत्तर असे: नाव लिहायचे नाही. कारण तुमच्या भल्यासाठी म्हणून तुम्हांला न विचारता लिहिणे, ही सवय एकदा जडली की चांगला हेतू फार काळ टिकत नाही. पण तेथून उठूनही जायचे नाही. मुलाला विसरणे हाही अन्यायच आहे. आकडे नावांशिवायही गोळा करता येतात. ऑस्ट्रावाचा तो खटला आजही 'डी. एच.' या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. आणि भीती जाईपर्यंत पुन्हा पुन्हा त्या दारी जावे लागते. युरोपातील त्या संघटनेने २००३ साली कृती आराखडा केला, त्याचे सूत्र 'रोमांसाठी, रोमांसोबत' असे आहे. त्यातला दुसरा शब्द अवघड. 'साठी' काम करणाऱ्याला घाई असते, 'सोबत' काम करणाऱ्याला थांबावे लागते.

आपल्यालाही हा धडा परका नाही. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदल्या, त्यांना हजेरी लावली. १९५२ साली तो कायदा गेला, तरी गावात चोरी झाली की आजही पारध्याच्या पालाकडे बोट दाखवले जाते. आणि त्याच पालातल्या मुलाला शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा असला, तर त्याच्याकडे कागद नसतो. दोन्ही वह्यांचा मार तोच खातो.

आम्ही गेल्या आठवड्यात त्या आजींकडे पुन्हा गेलो. अर्ज चर्च ऑफिसच्या कपाटात कुलपात राहतील, आपल्या धर्मग्रामाबाहेर जाणार नाहीत, आणि आपला अर्ज परत हवा असेल त्याला तो मिळेल, असे सांगितले. अर्जात मासिक उत्पन्नाचाही एक रकाना होता. तो कशाला, हे आम्हांला सांगता येईना. म्हणून तो खोडून टाकला. आजींनी चष्मा लावून सगळा अर्ज पुन्हा वाचला, आणि मग नाव लिहिले.

तुमच्या घरी असा कागद आला, तर तुम्हीही जरूर विचारा. आणि तुम्ही शाळेत, बँकेत, पतपेढीत, सरकारी कचेरीत दुसऱ्याचे नाव लिहिण्याच्या खुर्चीवर बसत असाल, तर लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा. समोरचा माणूस आपली ठेव तुमच्या हाती देत आहे.

आपला,
धर्मगुरू