वेदना आणि तितिक्षा



श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास शीतोष्ण व सुखदुःखे सहन करावयास सांगितले, हे आपण सारे जाणतोच. ती विषयस्पर्शातून उपजतात, येतात आणि जातात, असे कारणही त्यांनी दिले आहे. परंतु दुखणे अंगावर काढणे हीच तितिक्षा, असा विपरीत अर्थ आपल्या घरांतून रूढ झालेला आम्हांस दिसतो. गृहिणी पोटातील कळ लपवितात. कडोदऱ्याच्या गिरण्यांत रात्रपाळी करणारे छातीतील कळ 'वात असेल' म्हणून दाबून ठेवतात. तेव्हा वेदना म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

तापल्या तव्यास बोट लागले असता हात मागे येतो, तो आपण ठरविण्यापूर्वीच. त्वचेत ज्ञानतंतूंची सूक्ष्म टोके पसरलेली असतात. अति उष्णतेने, दाबाने किंवा जखमी पेशींतून स्रवणाऱ्या द्रव्यांनी ती चेततात. वार्ता पृष्ठरज्जूत पोहोचताच तेथूनच स्नायूंस आज्ञा सुटते. मेंदूस मागाहून कळते. वार्ता नेणारे तंतू दोन जातींचे आहेत. पातळ आवरण असलेले सेकंदास सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने धावतात, निरावरण तंतू २ मीटरही गाठत नाहीत. म्हणून आधी चटका बसतो आणि मग जळजळ सुरू होते. मिरचीचा ठेचा जिभेस पोळतो तोही याच तंतूंमुळे. उष्णता ओळखणारे त्यांचे द्वार मिरचीच्या तिखटानेही उघडते, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली दाखविले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होत.

लागलेली जागा आपण चोळतो, त्यातही शास्त्र आहे. मेलझॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडले की, पृष्ठरज्जूत जणू एक दार असते. स्पर्शाच्या वार्तेने ते वेदनेपुरते काहीसे मिटते, आणि मेंदूकडूनही ते कमीअधिक उघडले जाते. भय व चिंता यांनी वेदना वाढते, आश्वासनाने उतरते. आमच्या मते तितिक्षेचे क्षेत्र नेमके येथे आहे. आलेली वार्ता नाकारण्यात तितिक्षा नाही. तिच्यावर मनाने जी भर घालावयाची ती न घालणे, ही तितिक्षा होय.

वार्ताच थांबली तर काय होते, हे कुष्ठरोगाने दाखविले आहे. बोटे झडतात ती पापाने, असे लोक मानीत. १८७३ साली हॅन्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधल्यावरही ती समजूत गेली नाही. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन आणि वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले, ते याच बहिष्कृतांसाठी. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, रोग मांस कुजवीत नाही, तो ज्ञानतंतू बधिर करतो. मग हात भाजला तरी मागे येत नाही, पायात काटा मोडला तरी माणूस चालत राहतो, आणि चिघळलेल्या जखमांनी बोटे जातात. या रोगावर आता औषधे आहेत व तो पूर्ण बरा होतो.

मधुमेहानेही तळपाय असेच बधिर होतात, आणि हा रोग तर आपल्या घराघरांत आहे. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाण्याची खानदेशी कुटुंबांची प्रथा फार श्रद्धेची आहे. परंतु ज्यांच्या पायांस मुंग्या येतात किंवा स्पर्श कळत नाही, त्यांनी डांबरी रस्त्यावर अनवाणी चालू नये. नवस असला तरी नाही. आईस लेकराच्या पायाचे व्रण नको असतात. अशांनी पादत्राणे घालण्यापूर्वी आत खडा नाही ना, हे पाहावे. मुक्कामी तळवे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत. ऊन पाण्यात पाय घालण्याआधी ते घरच्या कोणाच्या हाताने पारखावे.

छातीतील कळेविषयीही सांगणे अगत्याचे आहे. हृदयाचे व डाव्या हाताचे तंतू पृष्ठरज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. त्यामुळे हृदयाची वेदना हातात किंवा जबड्यात भासते. छाती दडपून घाम सुटल्यास ओवा चघळीत बसू नये. १०८ क्रमांकास तत्काळ कळवावे, मग रात्रपाळी अर्धी राहिली तरी चालेल.