नवऱ्याचं कारण

बाहेरख्याली नवऱ्याचा सिनेमा लागला की माणसं हसतात, हे कोडं मला फार वर्षांपासून पडलेलं आहे. बायकोला मारणारा नवरा पडद्यावर आला की आमच्याकडच्या म्हाताऱ्या "मुडदा बशिवला तुझा" म्हणून मोकळ्या होतात. दारुडा आला की सगळे गप्प होतात, कारण घरोघरी एक तरी बसलेला असतोच. पण लग्नाचा बाप्या दुसरीच्या मागं लागला, खोटं बोलून घराबाहेर पडला, रुमालाला लागलेली लाली लपवत परत आला, की हशा. पुरुष हसतात, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकाही हसतात.

१९७८ साली बी. आर. चोप्रांचा 'पति पत्नी और वो' आला. संजीवकुमारसारखा गुणी नट. त्यातला नवरा ऑफिसातल्या पोरीची सहानुभूती मिळवायला काय सांगतो? माझ्या बायकोला कॅन्सर झालाय, थोड्या दिवसांची सोबती आहे. आणि बायको घरात धडधाकट! विद्या सिन्हा स्वयंपाक करतेय, पोर सांभाळतेय, आणि हा तिला बाहेर तोंडानं मारून टाकतोय. गावात कुणी असं बोललं तर आम्ही त्याला चावडीवर उभा केला असता. जित्या माणसाला मेलेलं म्हणणं आमच्याकडं फार वाईट समजतात, अपशकुनाची गोष्ट आहे ती. पण सिनेमात ती गंमत होते. शेवटी पकडला जातो, कान धरतो, आणि नवी सेक्रेटरी आली की पुन्हा मान वळते. टाळ्या. चाळीसेक वर्षांनी, २०१९ला, तोच सिनेमा पुन्हा नव्या नटांना घेऊन काढला. म्हणजे मधल्या काळात गिऱ्हाईक काही कमी झालं नव्हतं.

मला वाटतं याचं मूळ आमच्या भाषेतच आहे. असल्या पुरुषाला आम्ही 'रंगेल' म्हणतो. शब्द बघा, कसा फेट्यासारखा आहे, डोक्यावर मिरवावा असा. त्याच्या जोडीचा बाईसाठीचा शब्द मी इथं लिहू शकत नाही. आणि त्या रंगेलाच्या घरातल्या बाईला शब्द आहे 'टाकलेली'. जुनी चप्पल टाकावी तशी.

आता आमच्या बावड्याचं सांगतो, म्हणजे मी हे का घेऊन बसलोय ते कळेल. गगनबावडा म्हटलं की लोकांना गगनगड, मठ, करूळ घाटातलं धुकं आठवतं. पावसाळ्यात शहरातली पोरं मोटारसायकली घेऊन भजी खायला येतात. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस इथं पडतो. पण पावसानं पोट भरत नाही. भात, नाचणी, उताराची तुकडा-तुकडा जमीन. ऊस आणि साखर कारखाना ही पुढची गोष्ट. त्याआधी घरटी एक गडी मुंबईला, हा नियम. परळ, लालबागला गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. एक पाळी गिरणीवर गेली की दुसरी पाळी त्याच वळकटीवर. जेवण खानावळीत. वर्षातनं गणपतीला किंवा शिमग्याला पंधरा दिवस घर. उरलेले साडेअकरा महिने बायको इथं चिखलात तरवा लावणार, इरलं पांघरून.

माझी आत्ती अशीच. तिचा नवरा, आम्ही मामा म्हणायचो, साठीच्या दशकात गिरणीत लागला. मनिऑर्डर यायची. मग आड महिन्याला यायला लागली. मग गावकीतल्या एकानं सांगितलं की मामा आता खोलीवर झोपत नाही, खानावळवालीकडं असतो. विधवा बाई होती ती, घाटावरचीच. हे कळल्यावर भावकीत काय झालं? बापे हसले. "मामा रंगेल निघाला." आत्तीच्या सासूनं तर आत्तीलाच सुनावलं, "तुला न्हवरा राखता आला न्हाई." साडेअकरा महिने अडीच-तीनशे मैलांवरनं नवरा कसा राखायचा असतो, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

या गोष्टीचा सिनेमा कुणी काढला नाही. तमाशाचे काढले. 'सांगत्ये ऐका' १९५९चा, तिथपासून तमाशापट म्हणजे मराठीचा संसारच होऊन बसला. त्यात पाटील असतो, इनामदार असतो, फेटा उडवतो, वाड्यावरची बायको खांबाला टेकून एकदा डोळ्याला पदर लावते आणि पुढची लावणी सुरू होते. त्या खांबाला टेकलेल्या बाईकडं कॅमेरा दहा सेकंदांवर थांबत नाही. सिनेमाचं हेच आहे. अडीच तासांत वाट बघणं दाखवता येत नाही. भेटणं दाखवता येतं, भांडण दाखवता येतं. पण रोज संध्याकाळी शेवटच्या एसटीचा आवाज ऐकून भाकरी एक जास्त थापायची का नको, हा विचार पंधरा वर्षं करणं, हे कसं दाखवणार? ज्याच्याकडं कॅमेरा तोंड करून उभा, त्याचं दुःख आपल्याला खरं वाटतं. आणि कॅमेरा जाणाऱ्याबरोबर जातो, मागं राहिलेल्याजवळ थांबत नाही.

कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' २०१० साली आला, तेव्हा आमच्या भागातल्या लोकांनी तो आपलाच म्हणून बघितला. मलाही फार आवडला. गुणा कागलकर पैलवान गडी, कलेपायी नाच्या होतो, सगळ्या गावाचं हसं सोसतो. अतुल कुलकर्णीनं काम केलंय जबरदस्त. पण गुणाला घरी बायको आहे, पोर आहे. तो फडाबरोबर जातो, नयनाशी त्याचे धागे जुळतात, आणि आपण सगळे त्याच्या बाजूनं असतो, कारण त्याच्याजवळ कारण आहे, आणि ते खरंच मोठं आहे. कला. त्याच वेळी घरी दारकी मजुरीला जातेय, तिच्याजवळ कारण नाही, नुसतं काम आहे.

इथं मी बराच अडकलो. माणसाचं कारण समजलं म्हणजे त्याला माफ करायचं का? सिनेमा नेहमी कारण देतो. बायको थंड, बायको अडाणी, जुनं प्रेम, एकटेपणा, कला. कारण दिलं की ती गोष्ट माणसानं केली असं राहत नाही, ती 'घडली' असं होतं. पाऊस पडला तसं. मामाचंही कारण मला आज समजतं. पंचवीस माणसांच्या खोलीत पाळीची झोप, कापसाची धूळ छातीत, आजारी पडला तर पाणी द्यायला कोण नाही. एका बाईनं गरम भाकरी वाढली, कपाळाला हात लावून ताप बघितला. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण हे सगळं त्यानं तिच्याकडं का गेला याचं उत्तर झालं. मनिऑर्डर का थांबली, याचं होत नाही. पोरीच्या लग्नाला 'सुट्टी मिळाली नाही' असं पत्र का आलं, याचंही नाही. माया लागते, ती कुणाच्या हातात नसते, हे मी मान्य करतो. पत्र लिहिणारा हात मात्र आपलाच असतो.

१९८२ साल आमच्या भागाला विसरता येत नाही. जानेवारीत दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांवर कामगार बाहेर. त्याच साली दोन सिनेमे आले, जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आणि महेश भट्टचा 'अर्थ'. दोन्हींत स्मिता पाटील. एकीत ती बायको, दुसरीत ती 'दुसरी'.

'अर्थ' आमच्या वाडीनं बघितला तो दोन-चार वर्षांनी, गणपतीत. कोल्हापुरातनं टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्यानं आणायच्या, रात्रभर बघायचं. पहिल्या दोन मारामारीच्या झाल्या, तिसरी 'अर्थ' निघाली. पोरं वैतागून उठून गेली. बायका बसून राहिल्या, आत्तीही बसली. हिंदी तिला जेमतेम कळायचं. शेवटी नवरा परत येतो, तेव्हा शबाना आझमी त्याला विचारते की मी असं केलं असतं तर तू मला परत घेतलं असतंस का, आणि तो नाही म्हणतो. शहरात या जागेवर फार चर्चा झाली म्हणतात. आत्तीला तिचं काही वाटलं नाही. तिला ठाऊकच होतं ते उत्तर. ती बघत होती मोलकरणीला. रोहिणी हट्टंगडीनं केलेली ती बाई. पोरीच्या शाळेसाठी साठवलेले पैसे नवरा चोरून आपल्या दुसरीवर उडवतो, आणि ती त्याला मारून टाकते, तुरुंगात जाते. आत्तीनं मला दुसऱ्या दिवशी गोठ्यात विचारलं, "त्या बाईची पोरगी म्होरं शिकली का रं?" मी म्हटलं, शबानानं सांभाळली की तिला. "सांभाळली ते बघितलं मी. शिकली का?"

'उंबरठा' उलटा आहे. त्यात नोकरीसाठी बायको दूर जाते, संगमवाडीच्या महिलाश्रमात. परत येते तर नवरा सांगतो की त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. गिरीश कार्नाडनं केलेला तो वकील वाईट माणूस नाही, शांतपणे सांगतो. ती घर सोडते. मला भेटलेल्या कितीतरी शिकलेल्या माणसांचं मत, की चूक तिचीच, घर सोडून गेलीच कशाला. आता गंमत बघा. नवरा मुंबईला गेला आणि त्यानं दुसरी केली, तर 'एकटा होता बिचारा'. बायको गेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तरीही 'एकटा होता बिचारा'. अंतर दोघांत सारखंच. पण एकटं पडायचा मान पुरुषाचाच. आत्ती पंधरा वर्षं एकटी नव्हती काय?

कायद्याचंही तसंच. २७ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानं व्यभिचाराचं ४९७ कलम रद्द केलं, तेव्हा स्टँडवरच्या टपरीवर पोरं म्हणत होती, आता रान मोकळं. मी त्यांना म्हटलं, बाबांनो, तुमच्यासाठी ते कधी बांधलेलं होतं? इंग्रजांच्या काळातलं ते कलम. दुसऱ्याच्या बायकोशी त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवला तर पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तक्रार करायची ती त्या नवऱ्यानं. म्हणजे शेताच्या बांधाचा कायदा. ज्याच्या घरात नवरा भरकटला त्या बाईला त्यात जागाच नव्हती. आणि दुसरी बाई विधवा असली तर गुन्हाच नाही. मामा कायद्याच्या हिशेबानं पहिल्यापासून स्वच्छ होता. लग्न केलं नाही म्हणून १९५५च्या विवाह कायद्यातही अडकला नाही.

संपानंतर गिरणी गेली. त्यापुढची कितीतरी वर्षं मामाला त्या खानावळवालीनं पोसलं, हेही सांगायला पाहिजे. सिनेमात दुसरी म्हणजे एक तर नाचणारी, नाहीतर वेडी होणारी, नाहीतर शेवटी मरणारी. ही धुणीभांडी करून एका थकलेल्या माणसाची औषधं आणत होती. छाती पार गेली तेव्हा मामा गावाकडं आला. आत्तीनं दार उघडलं. तिनं माफ केलं का, मी कधी विचारलं नाही. तिनं अंथरूण टाकलं एवढं मी बघितलं. तीन पावसाळे तिनं त्याचं सगळं केलं, आणि बोलली फार कमी.

बाराव्याला एक बाई आली. कोल्हापूरवरनं दुपारच्या गाडीनं, हातात पिशवी. सोप्याच्या कोपऱ्यात बसली. भावकीतल्या बायकांनी आत्तीला विचारलं, कोण गं? आत्ती म्हणाली, "मुंबईची हाय, वळखीची." चहा दिला, जेवल्याशिवाय सोडलं नाही, एसटीला घालवायला माझी पोरगी पाठवली. स्मिता तळवलकरांनी १९९३ला 'सवत माझी लाडकी' काढला होता. नीना कुळकर्णी त्यात दुसरीलाच घरात घेऊन नवऱ्याला युक्तीनं वठणीवर आणते. चांगली करमणूक आहे. पण आमच्या सोप्यावर त्या दिवशी वठणीवर आणायला नवराच उरला नव्हता. दोन म्हाताऱ्या बायका होत्या, आणि दोघींच्याही तळव्यांना सारख्याच भेगा.

गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाची घरं द्यायची ठरलं, २०१२ला मोठी सोडत निघाली. त्याआधी अर्ज भरायची धांदल होती. मामा १९८२ला हजेरीपटावर होता, म्हणून मीच आत्तीचा अर्ज लिहायला बसलो. तिकीट, पास, जे सापडलं ते जोडलं. वारस म्हणून पत्नी, आत्तीचं नाव. अंगठा उठवायच्या आधी ती म्हणाली,

"तिचंबी नाव लिवता येतंय का?"

"न्हाई येत आत्ती. लग्नाची बायको लागते."

"मग त्या औषधाच्या चिठ्ठ्या हायत मामाच्या पेटीत, तिनं आणल्याल्या. त्या जोड."

त्या जोडून काही उपयोग नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं, आणि पेटी आणायला आत गेली.