लेखनिकाचा हात

दहावीच्या परीक्षेत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ आणि एकच नियम असतो, आणि आपल्या समाजाने न्यायाची आपली कल्पना बऱ्याच अंशी तेथूनच घेतली आहे. जमीनदाराचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा शेजारच्या बाकांवर बसतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला दोघांचीही नावे ठाऊक नसतात. ज्या मुलखात जमीन, पाणी आणि ओळखीपाळखी यांची वाटणी कधीच सारखी झाली नाही, तेथे परीक्षेची ही समानता लोकांना मोलाची वाटावी, हे स्वाभाविक आहे.

धाराशिव जिल्हा हा असाच मुलूख. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना तो जानेवारी २०२० मध्ये तेथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे ठाऊक असेल. त्या वेळी शहराचे नाव उस्मानाबाद होते आणि अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्याआधीची ओळख ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाची. उमरगा आणि लोहारा भागातील गावे त्यात जमीनदोस्त झाली. २०१८ साली नीती आयोगाने महाराष्ट्रातील जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांतही हा एक होता. (‘मागासलेला’ या शब्दाला सरकारी भाषेने दिलेले हे सभ्य रूप.) या जिल्ह्यात दहावीची परीक्षा म्हणजे कुटुंबाच्या नशिबाचा दरवाजा. म्हणून त्या दरवाजाशी कोणी कोणाला आधी सोडले, कोणाला थोपवले, याकडे सर्वांची करडी नजर असते.

तथापि, या एकाच मापाच्या न्यायाला एक प्रश्न विचारावाच लागतो. समजा, कळंब किंवा भूम तालुक्यातील एखाद्या खेड्यातला एक मुलगा आहे. बाजाराचा हिशेब तो तोंडी करतो, इतिहासातील लढाया क्रमवार सांगतो. परंतु कागदावरची अक्षरे त्याला दाद देत नाहीत. ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होते, वेलांट्या उलट्या पडतात, एक परिच्छेद वाचायला त्याला सोबत्यांच्या दुप्पट वेळ लागतो. वैद्यकशास्त्र याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणते. बुद्धी मंद असण्याशी तिचा संबंध नाही. वर्गात मात्र त्याला ‘ढ’ म्हणतात. वेळ संपल्याची घंटा होते तेव्हा त्याच्या उत्तरपत्रिकेची निम्मी पाने कोरी असतात. त्या कोऱ्या पानांनी काय मोजले? इतिहासाचे ज्ञान, की वाचनाचा वेग?

वेग हीसुद्धा एक गुणवत्ताच आहे, असे कोणी म्हणेल. काही परीक्षांत ती आहेच. टंकलेखनाच्या परीक्षेत मिनिटाला किती शब्द उमटले हाच विषय असतो. तेथे जास्त वेळ मागणे म्हणजे परीक्षाच रद्द करण्यासारखे आहे. परंतु इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेने आपण वेग मोजतो असे कधीच म्हटलेले नाही. वेळेची मर्यादा ही शाळेची इमारत, पर्यवेक्षक आणि वेळापत्रक यांच्या सोयीसाठी घातलेली. सोयीसाठी घातलेली मर्यादा एखाद्याच्या ज्ञानाच्या आड येत असेल, तर ती सैल केल्याने ज्ञानाचे माप खोटे होत नाही. उलट ते खरे होते. आमच्या मते साऱ्या वादाचे मूळ येथे आहे. अडथळा दूर करणे ही एक गोष्ट, आणि माप लहान करणे ही दुसरी. या दोहोंना आपण एकच समजतो आणि मग एकतर दोन्हींना विरोध करतो किंवा दोन्हींचा डोळे झाकून पुरस्कार करतो.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाच्या आधी पाऊल टाकले, हे नोंदवले पाहिजे. १९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखही नव्हता. तरी १९९६ पासून राज्य शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सोयी देण्यास आरंभ केला: लेखी परीक्षेत एक चतुर्थांश वेळ अधिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एक भाषा सोडून त्याऐवजी कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभा, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. केंद्राने ही अक्षमता कायद्यात आणली ती थेट २०१६ साली, दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करताना. त्या कायद्याच्या १७ व्या कलमात वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी दर तासाला किमान २० मिनिटे अधिक, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास अधिक, असे प्रमाण घालून दिले होते.

या साऱ्याला आपल्याकडे ‘सवलत’ म्हणतात. हा शब्द आम्हांला खटकतो. एस.टी.च्या तिकिटात मिळते ती सवलत. देणाऱ्याच्या मर्जीवर आणि तिजोरीवर ती अवलंबून असते. एकदा हा शब्द तोंडी बसला की शेजारच्या बाकावरील मुलाचे आईबाप विचारू लागतात, ‘त्याला दिली, मग आमच्याला का नाही?’ चष्मा लावून परीक्षेला बसणाऱ्या मुलाला चष्म्याची ‘सवलत’ मिळाली असे कोणी म्हणत नाही.

लेखनिकाविषयीचा आक्षेप अधिक जुना आणि अधिक खोल आहे. ज्याचा हात लिहितो, त्याचेच ते लेखन, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्या धर्मग्रंथाकडे पाहा. रोमकरांस लिहिलेले पत्र संत पौलाचे म्हणून आपण ऐकतो. प्रत्यक्षात कागदावर ते उतरवले तर्तियाने, आणि पत्राच्या शेवटी तो स्वतःच्या नावाने नमस्कारही सांगतो. यिर्मयाचे शब्द बारूखाने लिहिले. जिभेला जडत्व असलेल्या मोशेने तक्रार केली तेव्हा देवाने त्याला बाजूला सारून दुसरा नेता निवडला नाही, तर बोलण्यासाठी अहरोन सोबत दिला. मराठी परंपराही निराळे सांगत नाही. ज्ञानेश्वरीचे लेखनिक सच्चिदानंदबाबा आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे यांना आपण आदराने आठवतो. त्यांच्यामुळे कर्तृत्व कोणाचे, असा संशय कोणाच्या मनात येत नाही. आणि मुंबईचे बिशप लिओ म्यूरिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मूकबधिर मुलांसाठी भारतातील पहिली शाळा काढली, तेव्हा न बोलणाऱ्या मुलाजवळही सांगण्यासारखे काही असते, हेच त्यांनी गृहीत धरले होते.

आता त्या संशयाकडे वळले पाहिजे, कारण मराठवाड्यात तो निराधार नाही. परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या पुरवणारे नातेवाईक, त्यांच्यामागे धावणारे पोलीस आणि अचानक येऊन थडकणारे भरारी पथक हे चित्र येथे परके नाही. नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली, ती राज्यभर गाजली. जेथे गैरप्रकाराची अशी सवय आहे, तेथे विद्यार्थ्याशेजारी बसून लिहिणारा दुसरा विद्यार्थी पाहिला की केंद्रसंचालकाच्या कपाळाला आठी पडते. त्यातच २०२४ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या एका उमेदवाराचे प्रकरण गाजले आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांविषयीच लोकांचे मन कलुषित झाले.

परंतु चोराच्या भीतीने घराचा दरवाजा भिंत घालून बुजवला, तर त्यात आधी घरचीच माणसे कोंडली जातात. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच तऱ्हेचा प्रश्न आला होता. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता, कारण नियमाने ठरवलेल्या प्रकारांतले चाळीस टक्क्यांचे दिव्यांगत्व त्याला नव्हते. न्यायालयाने सांगितले की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. लेखनिक ही वाजवी सोय असून तिच्यासाठी ती अट लावता येणार नाही, आणि काही लोक गैरफायदा घेतील या भीतीने खऱ्या गरजवंताचा हक्क नाकारता येणार नाही. खोटे प्रमाणपत्र वापरणाऱ्यासाठी २०१६ च्या कायद्यातच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. लबाडाचा बंदोबस्त लबाडापाशी करावा. त्याची किंमत त्या ‘ढ’ म्हटल्या गेलेल्या मुलाने का द्यावी?

त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मुंबईतील एका केंद्रावर एका विद्यार्थिनीचा हक्काचा एक तास नाकारला गेला आणि इतरांबरोबर तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबरात निकाल लागला तेव्हा न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेची चूक मान्य केली, पण फेरपरीक्षा मात्र दिली नाही. राजधानीच्या शहरात, इंग्रजी जाणणाऱ्या घरातील मुलीवर ही वेळ येते, तर परंड्याच्या किंवा वाशीच्या केंद्रावर काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

कारण येथे खरी अडचण हक्काची नसून कागदाची आहे. अध्ययन अक्षमता डोळ्यांना दिसत नाही. ती तपासून सिद्ध करावी लागते. सुरुवातीच्या वर्षांत अशी तपासणी होई ती मुंबईतील शीव, केईएम, नायर अशा मोजक्या रुग्णालयांत. धाराशिवहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. पुढे तपासणीची केंद्रे वाढली. परंतु केंद्र शासनाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे वयाच्या आठव्या वर्षी तपासलेल्या मुलाची चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची असे. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ हवा, मानसतज्ज्ञ हवा, मराठी माध्यमाच्या मुलाला मराठीतून तपासणारा हवा. आणि त्याआधी ही काही तरी तपासण्याजोगी गोष्ट आहे, हे ओळखणारा वर्गशिक्षक हवा. २००७ साली ‘तारे जमीन पर’ चित्रपट आला तेव्हा शहरातील पालकांना डिस्लेक्सिया हा शब्द मिळाला. ज्यांनी रोजगार बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, त्यांना तो शब्द उपयोगी पडतोच असे नाही. उलट, ‘आमचं पोर वेडं नाही’ म्हणून ते तपासणीच टाळतात. परिणामी, जो हक्क कागदावर सर्वांचा आहे, तो व्यवहारात ज्याच्याजवळ वेळ, पैसा आणि शब्द आहेत त्याचा होतो. वाढीव वेळ अन्याय्य आहे असे म्हणणाऱ्यांनी अन्याय पाहायचाच असेल, तर तो येथे पाहावा.

मग कोणी विचारेल, ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराच्या मुलाचे काय? कळंब, भूम, वाशी या भागांतून दिवाळीच्या आगेमागे कितीतरी कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि मुलांचे अर्धे वर्ष फडात जाते. त्यालाही वाढीव वेळ का देऊ नये? प्रश्न प्रामाणिक आहे. आमचे उत्तर मात्र नकाराचे आहे. जे शिकवलेच गेले नाही, ते चौथ्या तासातही आठवणार नाही. त्या मुलाचा अडथळा परीक्षेच्या खोलीत नाही, खोलीबाहेर आहे. त्याला हंगामी वसतिगृह हवे, गावात राहणारी आजी हवी, शिक्षक हवा. एका मुलाच्या दुःखाचे औषध दुसऱ्याला देऊन दोघांनाही आपण न्याय दिला, असे समजू नये.

विषय सोडण्याच्या मुभेविषयी आमचे मत अधिक सावध आहे. वाढीव वेळ आणि लेखनिक अडथळा दूर करतात. बीजगणिताऐवजी सातवीचे गणित हे माप लहान करणे आहे. काही मुलांना त्याची खरोखर गरज असते आणि त्याविना ती दहावीच्या पलीकडे कधीच जाणार नाहीत. त्यांना ते अवश्य मिळावे. परंतु गणित सोडणाऱ्या मुलाच्या पुढच्या काही वाटा त्याच दिवशी बंद होतात, आणि पंधराव्या वर्षी ते त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून ज्याला केवळ वेळ हवा होता त्याच्याकडून विषयच सोडवून घेतला, तर ते दयेच्या नावाखाली केलेले नुकसान होय. शुद्धलेखनाचेही तसेच. इतिहासाच्या उत्तरात ‘पानीपत’ असे दीर्घ लिहिले म्हणून गुण कापणे हास्यास्पद आहे; मराठीच्याच प्रश्नपत्रिकेत मात्र शुद्धलेखन हा विषयाचा भाग असतो, आणि तेथे डोळेझाक किती करावी याविषयी भाषेच्या शिक्षकांचे ऐकून घ्यायला हवे.

राहिला लेखनिक, आणि येथे प्रश्न शासनाकडून आपल्या घराकडे येतो. मंडळाचा लेखनिक विद्यार्थ्याहून खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे दहावीच्या मुलासाठी बहुधा नववीतला मुलगा किंवा मुलगी. त्याचे अक्षर वाचता येण्याजोगे हवे, आणि सांगितले तेवढेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा हवा. स्वतःला उत्तर ठाऊक असतानाही समोरच्याची चूक जशीच्या तशी लिहायची, हे चौदा वर्षांच्या मुलासाठी सोपे नाही. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याची स्वतःची वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि कित्येक दिवस दुसऱ्याच्या परीक्षेत बसायचे. पालक नाखूश असतात आणि शाळा शेवटच्या आठवड्यापर्यंत मुले शोधत राहतात. लातूरच्या विभागीय मंडळाकडून मंजुरी आधी घ्यावी लागते, म्हणून नाव नाताळापूर्वीच शाळेत पोचलेले बरे. ज्या घरात या वर्षी नववीतले मूल आहे, त्या घराने मुख्याध्यापकांना एवढे विचारावे की यंदा शाळेला लेखनिक हवा आहे काय.