यादी बंद

5 फेब्रुवारी 1889 रोजी बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी सुरू झाली. सावकारी व्याजातून सुटायचं, एवढंच काम. ओळखीच्या माणसांनी थोडे थोडे पैसे जमवायचे आणि त्यांच्यातलाच जो अडला असेल त्याला द्यायचे. या मंडळीचा आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना भारी अभिमान. देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला 1904 साली, म्हणजे आमच्यानंतर पंधरा वर्षांनी!

त्या कायद्यातल्या अटी आज वाचल्या तर जुनाट वाटतील. सभासद एकाच गावातले किंवा एकाच जातजमातीतले असावेत. कर्ज द्यायचं ते सभासदालाच. खेड्यातल्या संस्थांत जबाबदारी अमर्याद, म्हणजे एकाने बुडवलं तर सगळ्यांच्या घराला झळ. (जातीची अट आज कुणालाच रुचणार नाही, मलाही नाही.) पण अटींमागचा हेतू उघड होता. ज्याला पैसे दिले तो रोज रस्त्यात भेटतो, आणि ज्याचे दिले तोही भेटतो. अशा ठिकाणी खोटं बोलायला फार मोठी छाती लागते.

अन्योन्य वाढली, बँक झाली. 2007च्या सुमारास ती अडचणीत आली, रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर निर्बंध घातले आणि पुढे ती बंद पडली. तेव्हा ठेवीवरचा विमा होता एक लाखाचा. तो पाच लाख झाला 2020 मध्ये. त्या वेळी लाखापेक्षा जास्त ठेव असलेल्या निवृत्त माणसाने काय करायचं, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. वाढणं हाच गुन्हा, असं मला म्हणायचं नाही. अमीन, गज्जर आणि आपल्या कोटिभास्करांनी 1907 साली अलेम्बिक कंपनी सुरू केली, ती वाढली म्हणून या शहरातल्या कितीतरी घरांत चूल पेटली. पण धंदा वाढताना दिलेले शब्द वाढतात आणि शब्द देणारा मात्र एकटाच राहतो. पुढे तो शब्द दुसराच कुणी देऊ लागतो, निभावायचा असतो तिसऱ्याने, आणि गिऱ्हाईक उभं असतं चौथ्याच्या खिडकीसमोर.

शब्द आपल्या आवाक्यातच ठेवणाऱ्या एक काकू बडोद्याच्या नागरवाड्यात दिवाळीचा फराळ करून देतात. चकली, कडबोळी, चिरोटे, अनारसे, बस्स. लाडू करत नाहीत, कारण लाडू शेजारच्या गल्लीतली एक बाई करते. भाजणीचं धान्य स्वतः भाजतात आणि घंटीवर दळायला स्वतः नेतात. ते गव्हाच्या दळणावर घालू देत नाहीत, चकली चिवट होते म्हणून. गिऱ्हाइकांची यादी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. पान भरलं की यादी बंद. मग जिल्हाधिकाऱ्यांकडचा माणूस आला तरी ‘पुढच्या दिवाळीला या हं’. आगाऊ पैसे घेत नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ‘पैसे घेतले आणि मी आजारी पडले, तर?’

पुण्याच्या भाच्याने सुचवलं, मावशी, कुरिअरने विकू या, इकडे मागणी आहे. आता विक्री चाळीस लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात माल विकायला जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण परराज्यात एक डबा विकायचा म्हटला तरी नोंदणी आली. तीही पूर्ण, कारण एक टक्का भरून मोकळं करणाऱ्या कंपोझिशन योजनेत परराज्यात विकायची मुभाच नाही. म्हणजे दर महिन्याचे, तिमाहीचे कागद आणि त्यासाठी सीए. काकूंनी भाच्याला चकलीचा डबा पाठवला, भेट म्हणून. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र त्यांनी केली आहे, तिचा कागद स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. साधेपणाच्या नावाखाली कायदा टाळणारे मी पुष्कळ पाहिलेत. काकू त्यांतल्या नव्हेत.

इतकं सगळं पटल्यावरही त्या यादीत एक गोष्ट मला खटकली. काकू तळतात, पण सोऱ्या फिरवते सून. पहाटेपासून, दसऱ्यानंतरचे सगळे दिवस. तेल, तांदूळ, डाळी, गॅस, दळण यांचे आकडे त्याच कॅलेंडरवर लिहिलेले. सुनेचा आकडा नाही. मी विषय काढला तर काकू हसल्या. ‘अहो, घरचंच काम आहे.’ सून काही बोलली नाही. हिशेब सुटसुटीत होता खरा, पण एक माणूस त्यातून वगळल्यामुळे.

कुणाला न वगळताही हिशेब सुटसुटीत राहू शकतो. 1959 साली मुंबईच्या गिरगावात सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जत. तिचा पसारा आज देशभर आहे आणि तरी रीत सोपीच राहिली: मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे, ते तपासून वजन करायचं आणि लाटणावळ चुकती. दान घ्यायचं नाही, हेही सुरुवातीलाच ठरलेलं. इतका मोठा धंदा सोपा राहू शकला, कारण काम कुणाचं आणि पैसे कुणाचे हा प्रश्न दुसऱ्या दिवसावर ढकलला जात नाही. आणि तिथे लाटणाऱ्या बाईला कामगार नव्हे, मालकीण मानतात.

सुनेची मजुरी किलोमागे धरली तर काकूंच्या चकलीचा भाव वाढेल. चार जुनी गिऱ्हाइकं कुरकुरतील. मी त्यांतलाच एक, कारण आजवर आम्ही सगळ्यांनी ती चकली सुनेच्या पैशांनी स्वस्त खाल्ली आहे. या वर्षी यादी उघडेल तेव्हा मी माझ्या दोन किलोंचा भाव काकूंना नव्हे, सुनेला विचारणार आहे.