काचेच्या टाकीतील कूर्म

ज्या प्राण्याच्या पाठीवर मंदराचल तोलला गेल्याची कथा आपल्या पुराणांनी सांगितली, ज्याने आपले अवयव आवरून घेण्याची क्रिया गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाच्या इंद्रियसंयमाला उपमान म्हणून योजली गेली, आणि ज्याची दगडी वा पितळी प्रतिमा महाराष्ट्रातील असंख्य देवळांच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोर बसविलेली असते, त्या कासवाला जिवंत विकत आणून दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत ठेवावे की नाही, हा प्रश्न वरकरणी हौसेचा आणि सोयीचा वाटला तरी मुळात तो धर्माचा प्रश्न आहे. माणूस येथे एका जिवाचे अन्न, पाणी, ऊन, विश्रांती आणि बहुतांशी त्याचे आयुर्मानही आपल्या हुकमतीखाली घेतो. आणि एवढी हुकमत चालविण्याची सनद त्याला कोणी दिली, हे विचारल्यावाचून धर्मबुद्धीला स्वस्थ बसता येत नाही.

कासव घरी आणणाऱ्यांचे हेतू पुष्कळदा निर्मळ असतात, हे आधी मान्य केले पाहिजे. कोणाला मुलांच्या मनात जीवसृष्टीविषयी ममता रुजवायची असते, तर कूर्मरूपी विष्णूचा वास ज्या घरात आहे तेथे लक्ष्मी स्थिर राहील, अशी कोणाची श्रद्धा असते. परंतु हीच श्रद्धा लोभाच्या हाती गेली म्हणजे अमुक संख्येची नखे असलेले कासव गुप्तधन दाखविते असल्या समजुती पसरतात, त्यांच्यापायी रानातली आणि ओढ्यांतली कासवे पोत्यांत भरून चोरट्या बाजारात जातात, आणि पुराणांनी ज्याला विश्वाचा आधार मानले त्याचा जीव काही हजार रुपयांच्या सौद्यात अडकतो. श्रद्धा आणि लोभ यांच्या या मिश्रणात एक साधा भेद विसरला जातो. देवळातले दगडी कासव आपल्याकडून काहीच मागत नाही. त्याला भूक नाही, थंडी नाही, भय नाही, म्हणून त्याच्याकडे पाहताना मनात केवळ संयमाचा विचार आणणे योग्यच आहे. टाकीतले कासव मात्र पाहुण्याचे बोट काचेवर वाजताच मान आणि पाय आत ओढून घेते तेव्हा त्याने इंद्रियजय साधलेला नसतो, ते भ्यालेले असते. प्रतीकाला प्रतीक म्हणून वंदन करावे आणि प्राण्याला प्राणी म्हणून जाणावे, हा विवेक सुटला की पूजा आणि पीडा एकाच घरात सुखाने नांदू लागतात.

या प्रश्नावर आपल्या परंपरेत सर्वांत सूक्ष्म विचार जैन आचार्यांनी केला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणारे दोष, सांगितले आहेत, त्यांत मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाण्याचा निरोध करणे यांच्याही आधी प्रथम स्थान बंधनाला दिलेले आहे. रक्त न सांडता, वेदनेचा आवाजही न उठता केवळ कोंडून ठेवण्याने व्रत मलिन होऊ शकते, ही जाणीव विलक्षण आहे. तरीही आचार्यांनी गुरेढोरे पाळणाऱ्या गृहस्थाला सरसकट दोषी ठरविले नाही. श्रावकाचाराच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या आचाराच्या, विवेचनात सापेक्ष आणि निरपेक्ष अशा बंधनांत भेद केलेला आढळतो. ज्या बंधनात बांधलेल्या जिवाच्या सुरक्षिततेचा आणि गरजांचा विचार जागा असतो ते सापेक्ष, आणि ज्यात तो विचार नाही ते निरपेक्ष. मला वाटते, कासवाच्या टाकीचा निवाडा याच कसोटीवर झाला पाहिजे. टाकी हे बंधन आहे यात वाद नाही. ते कोणत्या प्रतीचे बंधन आहे, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर भावनेत नव्हे तर तपशिलात सापडते.

पहिला तपशील निवडीचा. आपल्या देशातील कासवे, मग ती पाठीवर ताऱ्यांची नक्षी मिरविणारी असोत वा नदीतळ्यांतली मऊ पाठीची असोत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहेत; त्यांना पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे गुन्हा आहे, आणि येथे कायदा व धर्म यांचा कौल एकच आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटापासून लहान शहरांतील मत्स्यालयाच्या दुकानांपर्यंत जे हिरवेगार, डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेले पिलू विकले जाते, ते बहुधा मूळचे अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातले रेड-इअर्ड स्लायडर असते. विकताना त्याची पाठ इंच-सव्वा इंच भरते, आणि ते एवढेच राहील असे खुशाल सांगितले जाते. वस्तुतः नीट वाढलेल्या मादीची पाठ १० ते १२ इंच होते आणि तिचे आयुष्य २० ते ३० वर्षे, कधी त्याहूनही अधिक असते. म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेले पिलू त्या मुलाच्या शिक्षणाला, नोकरीला, कदाचित त्याच्या लग्नालाही साक्षी राहणार असते. आणि एवढ्या दीर्घ मुदतीचा करार आपण एका संध्याकाळच्या खरेदीत, काहीही न वाचता करून मोकळे होतो.

दुसरा तपशील निवासाचा. जाणकार पाळणाऱ्यांचा ठोकताळा असा की पाठीच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी असावे. तेव्हा पूर्ण वाढलेल्या कासवाला निदान ४०० लिटरांची टाकी लागते, आणि केवळ त्या पाण्याचेच वजन ४०० किलो भरते. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीला हा भार पेलेल काय, याचा विचार पिलू आणण्यापूर्वी करावयाचा असतो. पाणी साधारण २४ ते २८ अंश उबदार हवे, नळाच्या पाण्यातले क्लोरीन निघून गेलेले हवे, आणि कासवाच्या मलमूत्राने ते लवकर दूषित होत असल्यामुळे टाकीला जोरकस फिल्टर हवा. केवळ पाणी देऊनही भागत नाही. पाण्याबाहेर चढून अंग पूर्ण कोरडे करता येईल असा ओटा आणि त्यावर ३० अंशांच्या किंचित वर राहणारी ऊब ही त्याची नित्याची गरज आहे. सूर्याच्या अतिनील किरणांवाचून त्याच्या शरीरात ड-जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यावाचून चुना अंगी लागत नाही, आणि मग पाठ मऊ पडून वाकडी होते. खिडकीची काच हे किरण अडविते. म्हणून खिडकीशी टाकी ठेवून आपण ऊन दिले असे समजणाऱ्या घरातले कासव उजेडात बसूनही सूर्याला पारखे झालेले असते. उलट लहान टाकी सावलीवाचून थेट उन्हात ठेवली तर पाणी तापून काही वेळातच त्याचा प्राण जातो.

तिसरा तपशील अन्नाचा, आणि तो माझ्या मते धर्मदृष्ट्या सर्वांत कठीण आहे. स्लायडरचे पिलू प्रामुख्याने मांसाहारी असते. किडे, गांडुळे, लहान मासे यांवर ते वाढते, आणि वय वाढेल तसतसे पाणवनस्पती व हिरव्या पाल्याकडे वळते. ज्या घरात अंडेही शिजत नाही तेथे या पिलाला भाताची शिते, पोळीचे तुकडे आणि काकडीच्या फोडी घातल्या जातात. त्यामागे क्रौर्य नसते, आपल्या घरात हिंसा घडू नये ही तळमळच असते. पण त्या तळमळीचे मोल कोण चुकविते? डोळे सुजलेले, पाठ न धरलेले पिलू भरल्या घरात उपाशी राहते, आणि अहिंसेच्या नावाने अन्ननिरोधाचा अतिचार घडतो. आपला आचार आपण स्वतःसाठी स्वीकारलेला असतो. दुसऱ्या जिवाच्या जठरावर तो लादण्याचा अधिकार आचाराने आपल्याला दिलेला नाही. ज्याला कासवापुढे त्याचे नैसर्गिक अन्न ठेवणे पापमय वाटते, त्या सात्त्विक माणसाने कासव न पाळणे हाच त्याचा खरा धर्म, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

भक्तीने कासवाचे रक्षण होते काय, असे विचारल्यास इतिहास होकारार्थी उत्तर देतो, पण एका अटीवर. पूर्व भारतातले काळे, मऊ पाठीचे कासव आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००२ साली निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर केले, तेव्हा ते आसामात हाजो येथील हयग्रीव माधव मंदिरासारख्या देवस्थानांच्या तळ्यांत आणि बांगलादेशातील चितगाव येथील बायजीद बोस्तामी यांच्या दर्ग्याच्या तलावात मात्र जिवंत होते. हिंदू भाविकाने त्याला विष्णुरूप मानले, दर्ग्याच्या भाविकाने त्याला साधूच्या शापाने रूप पालटलेला जिन्न मानले; मान्यता परस्परांहून भिन्न, पण त्या भयभक्तीच्या कुंपणात एक जात तगून राहिली, पुढे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातही तिचा माग लागला, आणि हाजोच्या तळ्याकाठच्या अंड्यांतून निघालेली पिले निसर्गात सोडण्यात आली. याउलट त्रिपुरेतील उदयपूर येथे, ज्या त्रिपुरसुंदरीच्या टेकडीला कूर्मपीठ म्हणून पूजिले जाते तिच्या पायथ्याच्या कल्याणसागराचे काठ सुशोभनासाठी सिमेंटने बांधून काढले गेले, आणि अंडी घालण्यासाठी मातीवाळूचा उतार शोधणाऱ्या कासवांची त्यामुळे मोठी हानी झाली. भक्ती दोन्ही ठिकाणी होती. एका ठिकाणी तिने प्राण्याचा स्वभाव अबाधित ठेवला, दुसऱ्या ठिकाणी सौंदर्याच्या हौसेत तो विसरला गेला. ज्ञानावाचून प्रेम अपुरे पडते, हे वचन आपण परमेश्वराविषयी सहज मान्य करतो. त्याच्या प्राण्यांविषयी मान्य करावयास मात्र फार वेळ लावतो.

हे सारे ध्यानी आल्यावर पुष्कळांच्या मनात सुटकेचा विचार येतो. टाकी अपुरी पडू लागली, पाण्याची दुर्गंधी सुटली, घर बदलावे लागले, की कासवाला नदीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडून देणे हे बंधमोचनाचे पुण्यकर्म वाटते. चीन आणि तैवानमधील बौद्ध भाविकांत प्राणी सोडून पुण्य जोडण्याची जुनी प्रथा आहे, आणि त्या प्रथेतूनच कितीतरी स्लायडर तिकडच्या तळ्यांत पोहोचले. हे परके कासव चिवट आणि खादाड असल्याने स्थानिक कासवांचे अन्न व उन्हाच्या जागा बळकावते. जगातील १०० अत्यंत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ पासून त्याची आयात बंद केली. आपल्या ओढ्यात त्याला सोडणारा माणूस एका जिवाला मोकळे करीत नाही; तो आपल्या माथ्यावरचे ओझे असंख्य मुक्या जिवांच्या माथ्यावर टाकतो. बंधन एकदा घातले की ते तोडून पुण्य मिळविण्याची वाट बंद होते. उरते ती ते अखेरपर्यंत सदयतेने निभावण्याची वाट.

म्हणून माझे मत असे आहे की कासवावर मालकी सांगण्याचा अधिकार माणसाला नाही, परंतु त्याची विश्वस्ती पत्करण्याची मुभा आहे. आणि विश्वस्ताचे पहिले लक्षण हे की तो ठेव मागायला जात नाही, समोर आलेली नाकारीत नाही. ज्याला कासवाचा सहवास खरोखर हवा आहे, त्याने दुकानातून नवे पिलू आणून त्या व्यापाराला उत्तेजन देण्यापेक्षा दुसऱ्या घरात नकोसे झालेले, वाढलेले कासव आपल्याकडे घ्यावे, आणि ते घेण्याआधी टाकी, दिवा व ओटा सिद्ध ठेवावा. त्याचे डोळे स्वच्छ आहेत ना, ते एका कुशीवर कलून तर पोहत नाही ना, नाकातून बुडबुडे तर येत नाहीत ना, हे पाहावे, कारण ही फुप्फुसाच्या आजाराची चिन्हे असतात. पण दोष आढळल्यास ते नाकारू नये, पशुवैद्य गाठावा. त्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये. त्याच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंची बाधा मुलांना होते, म्हणूनच अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी घातली. आपल्यामागे त्याचा सांभाळ कोण करील, हेही हयातीतच ठरवून ठेवावे. एवढे ज्याला साधेल त्याच्या घरातली टाकी सापेक्ष बंधन ठरेल आणि तिच्यासमोर त्याने हात जोडले तर ते शोभेल. ज्याला साधणार नाही त्याने देवळातल्या दगडी कासवाला नमस्कार करावा आणि जिवंत कासवाला त्याच्या नदीत राहू द्यावे. यांपैकी कोणतीही वाट निवडली तरी धर्म राखला जातो, आणि त्यांतली दुसरी वाट बहुतेकांसाठी अधिक श्रेयस्कर आहे.