न दिसलेला लांडगा

लाभाशिवाय कुणी खोटे बोलत नाही, अशी आपली समजूत असते. मग ज्यात कवडीचाही फायदा नाही, असे खोटे माणूस का बोलतो? हा प्रश्न मला एका पहाटेने घातला.

थंडीचे दिवस होते. काही विद्यार्थ्यांना घेऊन मी करोंदहून बेरसियाच्या रस्त्याने उत्तरेकडच्या रानात गेलो. पळसाच्या आडोशाला श्वास रोखून बसलो. उजाडले. नीलगाईच्या खुरांचे ठसे दिसले, दुरून मोर ओरडला. बाकी रान गप्प. मुलांनी वह्यांत तेवढेच लिहिले. परतल्यावर सहकाऱ्यांनी विचारले, ‘काय दिसलं?’ रिकाम्या हातांनी परतल्याची लाज वाटली म्हणा, मी बोलून गेलो, ‘लांडगा. ओझरता.’

दुसऱ्या दिवशी एक मुलगा वही घेऊन आला. ‘सर, माझा लांडगा राहिला. लिहू का?’

मला रानपिंगळ्याची कथा आठवली. या लहानशा घुबडाचा 1884 नंतर खात्रीचा पत्ता नव्हता. इंग्रज पक्षितज्ज्ञ रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी मात्र 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळवल्याची नोंद केली होती. प्रत्यक्षात तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात गोळा केलेला. माइनर्ट्झहागेन यांनी तो ब्रिटनच्या संग्रहालयातून उचलला, नव्याने भरला आणि वर आपली चिठ्ठी लावली. पामेला रासमुसेन यांनी ही बनावट ओळखली, ती नोंद बाजूला सारली आणि सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या ठिकाणांचा माग काढला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. तब्बल 113 वर्षांनी!

‘दिसले नाही’ ही नोंद पुढच्यासाठी शोधाची वाट मोकळी ठेवते. खोटी नोंद त्याला भलत्याच रानात धाडते. नवल हे, की अशा खोट्यात मिळकत काहीच नसते. असते ती केवळ ‘मी पाहिले’ म्हणण्याची हौस. त्या साहेबांची हौस मोठी, माझी लहान, जात एकच.

कुणी म्हणेल, गप्पांतल्या लांडग्याने कुणाचे काय बिघडते? बिघडत होते ते त्या मुलाचे. सरांनी पाहिले म्हणजे आपलेच डोळे चुकले, असे समजून तो स्वतःची खरी नोंद खोडायला निघाला होता. वडीलधाऱ्यांच्या शब्दाला वजन असते. म्हणूनच त्यांचे लहानसे खोटेही लहान राहत नाही.

‘लिहू नकोस,’ मी म्हणालो. ‘मलाही दिसला नव्हता.’

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने वही मिटली. सहकाऱ्यांना हे सांगायला मला आणखी चार दिवस लागले. मुलासमोर खरे बोलणे, त्या मानाने, सोपे होते.