शब्दाची सीमा व शब्दाचे प्रयोजन

आत्मस्वरूप वाणीस अगोचर आहे, हा विचार आपल्या परंपरेत पुरातन आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्यांनी आत्म्याचे निरूपण निषेधमुखानेच केले. यावर जिज्ञासूच्या ठिकाणी शंका उपजते : जे शब्दाने सांगता येत नाही, त्यासाठी शास्त्र, निरूपण व श्रवण यांचा खटाटोप कशाला? मौनच श्रेष्ठ का मानू नये?

या शंकेच्या संदर्भात सोलापूरचे स्मरण उचित ठरेल. बाराव्या शतकात सोन्नलिगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थानी शिवशरण सिद्धरामांनी तलाव खोदविला, देवालये उभारली. तेथे येऊन अल्लमप्रभूंनी बाह्य कर्मांत गुंतलेल्या सिद्धरामांना अंतर्मुख केले, असा प्रसंग 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात आला आहे. ग्रंथाचे नावच शून्याची प्राप्ती सांगणारे. परंतु त्याची गुंफण शरणांच्या वचनांची, म्हणजे शब्दांचीच आहे. शब्दाची मर्यादा अल्लमप्रभूंनी सांगितली ती शब्दानेच, आणि तीही लोकांच्या कन्नड भाषेत.

श्रीचक्रधरस्वामींचे तत्त्वज्ञान याहून भिन्न आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न होत. जीव अनादि अविद्येने युक्त असल्याने त्यास स्वबळाने ज्ञान होत नाही. ते परमेश्वराने द्यावे लागते. म्हणूनच शब्दज्ञान निराळे व अपरोक्षज्ञान निराळे. दृष्टान्तपाठातील हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टान्त येथे विचारात घ्यावा. प्रत्येक आंधळ्याचे बोलणे त्याच्या स्पर्शापुरते खरे असते. एका अवयवासच हत्ती मानणे, हा प्रमाद होय. शब्द खोटा नसतो. तो अपुरा असतो, आणि त्याचे अपुरेपण विसरणारा चुकतो.

मग अपुराच शब्द वापरायचा, तर कोणता? याचे उत्तर स्मृतिस्थळात नोंदलेल्या एका प्रसंगात मिळते. केशिराजांचा संस्कृत रचनेकडे कल दिसताच आचार्य नागदेवांनी त्यांना आवरले. त्यामुळे स्वामींच्या परिवारातील म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील, अशी त्यांची चिंता होती. या निर्णयात भाषाभिमानाहून खोल असा नीतिविचार आहे. स्वरूपापर्यंत कोणतीच भाषा पोचत नसेल, तर त्या बाबतीत संस्कृताला मराठीहून अधिक अधिकार उरत नाही. सर्व भाषा तेथे सारख्याच उण्या. मग जी ऐकणाऱ्यास कळते, तीच योग्य. स्वरूपाच्या अवर्णनीयतेचे निमित्त करून दुर्बोध बोलणारा श्रोत्यास वंचित ठेवतो.

म्हणून मौन हे शंकेचे समाधान नव्हे. ज्यास अनुभव आहे त्याचे मौन निराळे, आणि ज्याने श्रवणच केले नाही त्याचे मौन निराळे. दुसऱ्यास ज्ञान म्हणता येत नाही. शब्द हा वाट दाखविणारा आहे. वाट दाखविणाऱ्यास कोणी गाव समजू नये. परंतु गाव दूर आहे म्हणून त्यास परतवूनही लावू नये. निरूपण करणाऱ्याने आपल्या शब्दाचे उणेपण ओळखून सुगम बोलावे, आणि श्रवण करणाऱ्याने ऐकलेले आचरणात उतरवावे. शब्द जेथे थांबतो, तेथून पुढे आचार व परमेश्वराची कृपा हीच साधकाची सोबत होय.